प्रेम, कुटुंबनिष्ठा आणि दुसरी संधी : या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

प्रेम, घराशी असलेली बांधिलकी आणि हातून निसटलेले पुन्हा मिळण्याची शक्यता या तीन गोष्टी जिच्यात एकत्र येतात ती कादंबरी वरवर सोपी वाटते. दोघांचे मन जुळते, घरचे आड येतात, वर्षे जातात, पुन्हा गाठ पडते. कथानक एवढ्यात सांगून होते, आणि पुष्कळ नवे वाचक एवढेच वाचून पुस्तक मिटतात. अशा वाचकाला आणखी खोल जाता यावे यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे असे की या कादंबऱ्यांचा कस ताटातूट आणि पुनर्भेट यांच्या मधल्या काळात लागतो. तो काळ कोणामुळे लांबला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे ज्याने नीट पाहिले, त्यालाच शेवट पटला की नाही हे खात्रीने सांगता येते.

पुढे काही प्रसिद्ध कादंबऱ्यांची उदाहरणे घेतली आहेत आणि ती घेताना त्यांतल्या घटना उघड कराव्या लागल्या आहेत. या प्रकारच्या चांगल्या कादंबरीत काय घडले यापेक्षा ते कसे आणि का घडले याला अधिक महत्त्व असल्यामुळे वाचनाचा आनंद त्याने फारसा कमी होत नाही. तरीही ज्यांना काहीच आधी कळू द्यायचे नसेल त्यांनी ती पुस्तके वाचून झाल्यावर या लेखाकडे वळावे.

पहिले पुस्तक निवडताना

सुरुवात लहान कादंबरीने करावी. जेन ऑस्टिन यांची 'पर्सुएशन' २४ प्रकरणांत संपते. टॉलस्टॉय यांची 'अ‍ॅना कॅरेनिना' आठ भागांची आहे आणि तिच्यात अनेक कुटुंबांची आयुष्ये एकाच वेळी चालू असतात. दोन्ही कादंबऱ्या थोर आहेत, परंतु नात्यांचे धागे हाती धरून ठेवण्याची सवय नसताना थेट दुसरीला हात घातला तर वाचक मध्येच थकतो आणि दोष पुस्तकाला देतो.

अनुवाद घेणार असाल तर शीर्षकाच्या पानावर 'संक्षिप्त', 'रूपांतर' किंवा 'भावानुवाद' असे काही छापले आहे का ते पाहून घ्यावे. संक्षेप करणारा माणूस बहुधा घटना ठेवतो आणि पत्रे, लांबलेली संभाषणे, एकट्या पात्राचे विचार गाळतो. या कादंबऱ्यांचा जीव नेमका तिथेच असतो. संपूर्ण अनुवाद थोडा अवघड वाटला तरी तोच घ्यावा.

प्रस्तावना शेवटी वाचावी. अभिजात कादंबऱ्यांच्या अभ्यासपूर्ण आवृत्त्यांना जोडलेली प्रस्तावना बहुधा कादंबरी वाचून झालेल्या वाचकासाठी लिहिलेली असते आणि ती पहिल्या दोन पानांतच शेवट सांगून टाकते. मलपृष्ठावरचा मजकूरही ओझरता पाहून सोडून द्यावा, कारण तो पुष्कळदा आधीच एखाद्या पात्राला खलनायक ठरवून ठेवतो आणि मग वाचक त्या पात्राचे ऐकूनच घेत नाही.

नात्यांचा तक्ता आणि पैशाची नोंद

पहिली पन्नास पाने वाचताना एक कोरा कागद जवळ ठेवावा आणि त्यावर पात्रांचा तक्ता करत जावे. रशियन कादंबरीत तर त्यावाचून गत्यंतर नाही. 'अ‍ॅना कॅरेनिना'त एकाच गृहस्थाला कोणी स्तेपान अर्काद्येविच म्हणते, कोणी ओब्लोन्स्की म्हणते आणि घरची माणसे स्टिवा म्हणतात. त्याच्या पत्नीचे नाव दार्या अलेक्सांद्रोव्हना असले तरी ती बहुतेक वेळा डॉली या नावानेच समोर येते. कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो यावरून जवळीक आणि दुरावा कळत असल्यामुळे ही नावे नुसती पाठ करू नयेत. ती कोणाच्या तोंडी येतात हेही टिपावे.

नात्याच्या ओळीशेजारी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: हे पात्र कोणाच्या घरात राहते, त्याचा खर्च कोण चालवते, आणि हे पात्र निघून गेले तर मागे कोणाचे हाल होतील. नवा वाचक हा भाग टाळतो, कारण त्याला पैशाचा विचार प्रेमकथेत परका वाटतो. पण कादंबरीत ज्याला कुटुंबनिष्ठा म्हटले जाते तिच्यात माया, कर्तव्य, भीती आणि अवलंबित्व यांची सरमिसळ असते, आणि यांपैकी कशाचा भाग किती हे ओळखण्यासाठी घराचा जमाखर्च माहीत असावा लागतो.

'पर्सुएशन'चेच पाहा. नायिका अ‍ॅन एलियट हिचे वडील सर वॉल्टर हे रूपाचा आणि पदवीचा अतोनात अभिमान बाळगणारे गृहस्थ. उधळपट्टीमुळे कर्ज वाढते आणि त्यांना आपला वाडा भाड्याने द्यावा लागतो. तो घेणाऱ्या आरमारी अधिकाऱ्याची पत्नी ही अ‍ॅनने पूर्वी नाकारलेल्या कॅप्टन वेंटवर्थची बहीण असते, आणि त्यामुळे वेंटवर्थ पुन्हा त्या परिसरात येतो. घाईने वाचणाऱ्याला हा योगायोग वाटतो. तक्ता समोर ठेवून वाचणाऱ्याला मात्र दिसते की ज्या घराण्याच्या दिमाखापुढे वेंटवर्थ कमी ठरवला गेला होता, त्याच घराण्याच्या पोकळ दिमाखाने त्याच्यासाठी दार उघडले आहे. लेखिका हे कुठेही बोलून दाखवत नाही. ते वाचकाने जोडायचे असते.

कायदा आणि रूढी समजून घेणे

'ती दोघे सरळ निघून का गेली नाहीत?' हा प्रश्न जुनी कादंबरी वाचताना हटकून पडतो. त्याचे उत्तर पात्रांच्या स्वभावात शोधण्याआधी त्या काळच्या कायद्यात शोधावे. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करण्याची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि ते अगदी थोड्या श्रीमंतांना परवडणारे होते. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानली जाण्यास १८७० चा कायदा यावा लागला आणि मालमत्तेवरचा पुरेसा हक्क तिला १८८२ च्या कायद्याने मिळाला. झारच्या रशियात घटस्फोट चर्चच्या हाती होता. 'अ‍ॅना कॅरेनिना'त पतीचे घर सोडणाऱ्या अ‍ॅनाला आपला मुलगा सेर्योझा मागे ठेवावा लागतो, आणि तिचे प्रेम व तिचे आईपण ही दोन टोके मग कधीच जुळत नाहीत. हे ठाऊक असले की तिच्या अस्वस्थतेला निव्वळ लहरीपणा म्हणण्याची घाई आपण करत नाही.

कायदा बदलला म्हणून रूढी बदलतेच असे नाही, आणि मराठी वाचकाला हे सांगायला बाहेर जाण्याची गरज नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमू हिला पतीचे प्रेम मिळते, त्याच्या सोबतीने मोकळा श्वासही घेता येतो. पती गेल्यावर मात्र घरातलीच माणसे तिचे केशवपन करवतात. कागदावर दुसरी संधी आहे आणि घरात ती नाही, हे अंतर ही कादंबरी यमूच्या स्वतःच्या शब्दांत मांडते. दुसऱ्या संधीच्या कादंबऱ्या वाचू लागलेल्याने ती संधी नाकारणारी अशी एक तरी कादंबरी लवकर वाचावी, असा माझा आग्रह आहे. त्याशिवाय मिळालेल्या संधीचे मोल कळत नाही.

हे सगळे वाचन सुरू करण्याआधी अभ्यासून ठेवण्याची आवश्यकता नाही. जिथे 'असे का?' म्हणून मन अडखळेल तिथे थांबून तेवढेच शोधावे आणि पुन्हा गोष्टीत शिरावे.

पहिला नकार नीट वाचणे

या कादंबऱ्यांत ताटातुटीचा प्रसंग पुष्कळदा अगदी थोडक्यात आटोपलेला असतो. कधी तो कादंबरी सुरू होण्याच्या आधीच घडून गेलेला असतो आणि एखाद्या प्रकरणात मागे वळून सांगितला जातो. 'पर्सुएशन'मध्ये तो चौथ्या प्रकरणात आहे आणि भराभर वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतो. अशी पाने सापडली की तिथे खूण करावी, वेग कमी करावा आणि ती दोनदा वाचावीत, कारण पुढची शेकडो पाने त्या थोड्या ओळींवर उभी असतात.

वाचताना पाहायचे ते असे. नकार कोणाच्या तोंडून आला, तो देण्याचा सल्ला कोणी दिला, त्या सल्ल्यात कोणाचे हित होते, आणि नकार देणाऱ्याला स्वतःला तो किती पटला होता? एकोणीस वर्षांच्या अ‍ॅनला वेंटवर्थशी ठरलेले लग्न मोडण्याचा सल्ला देणारी लेडी रसेल ही तिच्या दिवंगत आईची मैत्रीण. ती दुष्ट नाही. आईविना वाढलेल्या मुलीवर तिची खरी माया आहे, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही, ज्याची नोकरी समुद्रावरच्या युद्धाची आहे अशा तरुणाच्या हाती तिला सोपवणे लेडी रसेलला धोक्याचे वाटते. अ‍ॅनही केवळ दबावाने नमत नाही. या लग्नाचा भार आपण त्याच्यावर टाकू नये, यात त्याचेही भले आहे, अशी तिची स्वतःची समजूत होते. प्रेमापोटी दिलेला चुकीचा सल्ला आणि प्रेमापोटीच केलेला त्याग यांतून हा नकार तयार झालेला असल्यामुळे कोणा एकाला दोषी धरून मोकळे होता येत नाही. अशा नकारांच्या कादंबऱ्या, क्रूर बाप आणि निष्पाप प्रेमिक अशी सरळ विभागणी करणाऱ्या कादंबऱ्यांपेक्षा मनात अधिक काळ राहतात.

कादंबरीच्या शेवटी, सगळे जुळून आल्यावर, अ‍ॅन वेंटवर्थला सांगते की तो सल्ला चुकीचा होता, आपण स्वतः कोणाला तसा सल्ला कधी देणार नाही, तरी त्या वेळी तो मानण्यात आपले चुकले नाही, कारण तो न मानला असता तर मनाला टोचणी लागून राहिली असती. नवा वाचक इथे चिडतो. चिडावेही, पण पुढे जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे की तिचे हे म्हणणे आपल्याला का पटत नाही, आणि ते पटणारा माणूस कसा विचार करत असेल. कुटुंबनिष्ठेविषयीच्या कादंबऱ्या वाचण्याचे अर्धे शिक्षण या एका प्रश्नात आहे.

निष्ठा मागणारा कोण आहे, हेही पाहावे लागते. वि. स. खांडेकर यांच्या १९५९ सालच्या 'ययाति'त पुरू वडिलांचे वार्धक्य स्वतःवर घेतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर हा पितृभक्तीचा कळस आहे, आणि बापाच्या बाजूने पाहिले तर न संपणाऱ्या वासनेपोटी मुलाचे तारुण्य मागणे आहे. दोन्ही एकाच घटनेत आहेत. खांडेकरांनी ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून सांगितल्यामुळे एकाच घराची दुखणी वाचकाला निरनिराळ्या तोंडून ऐकावी लागतात. जिथे निवेदक 'मी' असेल तिथे तो काय सांगतो याइतकेच तो काय टाळतो याकडेही लक्ष ठेवावे. जिथे निवेदक अनेक असतील तिथे प्रत्येकाचे म्हणणे संपल्यावर पुस्तक क्षणभर बाजूला ठेवून, 'हीच गोष्ट दुसऱ्याने कशी सांगितली असती?' असा विचार करून मग पुढचे पान उलटावे.

मधल्या काळाचा हिशोब

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ताटातूट झाली आणि पुनर्भेट व्हायची आहे, या दोहोंच्या मधली वर्षे लेखक कधी शंभर पानांत सांगतो, कधी एका वाक्यात उडी मारून ओलांडतो. वाचकाने मात्र ती ओलांडू नयेत. कागदावर एक उभी रेघ काढावी, तिच्या एका बाजूला एका पात्राच्या आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पात्राच्या आयुष्यातल्या घटना वयासह लिहाव्यात, आणि मग कोणती बाजू भरलेली आहे व कोणती रिकामी आहे ते पाहावे.

'पर्सुएशन'साठी अशी रेघ काढली तर वेंटवर्थची बाजू भरून जाते. जहाजे, लढाया, शत्रूच्या जहाजांच्या लुटीतून मिळालेला पैसा, बढती, मित्र. अ‍ॅनच्या बाजूला जवळजवळ काहीच येत नाही. तीच ती घरे, तीच माणसे, आणि सत्ताविसाव्या वर्षी ओसरलेले रूप. वेळ दोघांचा सारखाच गेला, पण बदलण्याची संधी एकालाच मिळाली. ती आता ओळखू न येण्याइतकी बदलली आहे, असे वेंटवर्थ परतल्यावर म्हणतो आणि ते तिच्या कानावर येते. तक्ता समोर असेल तर या वाक्याचा निष्ठुरपणा दुप्पट जाणवतो.

याच रेघेवर दुसरी एक गोष्ट सापडते. कादंबरीच्या अखेरीस वेंटवर्थ कबूल करतो की १८०८ साली, हाती थोडे पैसे आणि एक जहाज आले तेव्हा, अ‍ॅनला पत्र लिहिण्याचा विचार त्याच्या मनात आला होता, पण अभिमान आड आला. तेव्हा लिहिले असते तर तिने होकार दिला असता का, असे तो विचारतो आणि ती दिला असता असेच सुचवते. ताटातूट होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. म्हणजे आठ वर्षांपैकी पहिली दोन लेडी रसेलच्या सल्ल्याने गेली आणि उरलेली सहा वेंटवर्थच्या ताठ्याने. सबंध कादंबरीभर वाचकाने मनातल्या मनात कुटुंबाला दोष दिलेला असतो, आणि हा हिशोब मांडल्यावर दोषाचा मोठा वाटा प्रियकराकडे जातो. आपण कोणाला विनाकारण धारेवर धरले होते, हे कळणे हा वाचनातला फार मोलाचा अनुभव आहे.

वर्षांची संख्या मोठी म्हणून प्रेम मोठे, असे समजू नये. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९८५ सालच्या 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' या कादंबरीत फ्लोरेंतिनो आरिसा ५१ वर्षे, ९ महिने आणि ४ दिवस वाट पाहून फर्मिना दासाला पुन्हा आपले प्रेम सांगतो. पुष्कळ वाचक या आकड्यानेच भारावून जातात. पण त्या काळात त्याने असंख्य स्त्रियांशी संबंध ठेवलेले असतात, आणि म्हातारपणी ज्या शाळकरी मुलीचे पालकत्व त्याच्यावर सोपवलेले असते तिच्याशीही तो संबंध ठेवतो. पुढे ती मुलगी आत्महत्या करते. कादंबरी या गोष्टी लपवत नाही. त्या वाचूनही जो केवळ 'अमर प्रेमकथा' एवढेच म्हणतो त्याने पुस्तकाचा मोठा भाग न वाचल्यासारखाच आहे. एकाला मिळालेल्या दुसऱ्या संधीखाली दुसऱ्या कोणाची पहिली संधीच चिरडली गेली का, हे मधल्या काळाच्या नोंदीत अवश्य लिहावे.

पुनर्भेट आणि क्षमा

पुनर्भेटीचा प्रसंग आला की डोळे भरून येतात आणि चिकित्सा मागे पडते. पहिल्या वाचनात तसे होऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी तीच पाने शांतपणे काढून दोन गोष्टी तपासाव्यात: जुनी जखम कोणी शब्दांत मांडली का, आणि समोरच्याला पुन्हा नकार देण्याची मोकळीक ठेवली का. ज्या कादंबरीत ही दोन्ही उत्तरे होकारार्थी येतात तिथली दुसरी संधी सहसा खरी वाटते.

'अ‍ॅना कॅरेनिना'च्या पहिल्या भागात डॉलीची धाकटी बहीण किटी ही लेव्हिन या जमीनदाराला नाकारते. त्यानंतर तिचा स्वतःचा अपेक्षाभंग होतो, ती आजारी पडते, परदेशात राहून येते. लेव्हिन आपल्या शेतीत परततो आणि ते दुःख कामात बुडवू पाहतो. चौथ्या भागात पत्ते खेळण्याच्या मेजावर खडूने शब्दांची फक्त आद्याक्षरे लिहून तो तिला विचारतो की तेव्हाचे उत्तर कायमचे होते की त्या वेळेपुरते. तीही आद्याक्षरांनीच उत्तर देते. या प्रसंगातली गोडी सर्वांना जाणवते. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांचा पहिला विषय नवे प्रेम नाही. तो जुना नकार आहे. तो बाजूला सारून पुढे गेले असते तर तो त्यांच्या संसारात कुठेतरी दडून राहिला असता.

याच कादंबरीत आणखी दोन क्षमा आहेत आणि या तिन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात. कादंबरी सुरू होते तेव्हा डॉलीला नवऱ्याचे मुलांच्या शिक्षिकेशी असलेले संबंध कळलेले असतात. अ‍ॅना ही स्टिवाची बहीण; ती येऊन समजूत घालते, डॉली क्षमा करते, घर टिकते, आणि स्टिवा मुळीच सुधारत नाही. पुढे बऱ्याच भागांनंतर टॉलस्टॉय या थकलेल्या आईला एक लांबचा गाडीचा प्रवास देतात. मुलांच्या गलबल्यापासून दूर, एकटी बसून ती आपल्या सबंध आयुष्याचा विचार करते, अ‍ॅनाने केले ते मीही का करू नये असेही तिच्या मनात येते, आणि मग ती आपल्या घरीच परतते. तिची निष्ठा खरी आहे आणि तिची किंमतही खरी आहे. नव्या वाचकाने हे प्रकरण गाळू नये. अ‍ॅना आणि तिचा प्रियकर व्ह्रॉन्स्की यांच्या गोष्टीत आडवे येते म्हणून ते कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे, पण कुटुंबनिष्ठेविषयी इतके प्रामाणिक लिखाण मी फार थोडे वाचले आहे.

तिसरी क्षमा कॅरेनिनची, म्हणजे अ‍ॅनाच्या पतीची. मरणाच्या दारात पडलेल्या अ‍ॅनाला तो मनापासून क्षमा करतो, आणि आतापर्यंत कोरडा वाटलेला हा माणूस वाचकाच्या डोळ्यांदेखत मोठा होतो. पण अ‍ॅना वाचते, आणि त्या क्षमेसह त्याच्या घरात राहणे तिला अशक्य होते. क्षमा केली म्हणजे संधी मिळाली, असे समीकरण मनात धरून वाचणाऱ्याला हा भाग अन्यायकारक वाटतो. ज्याला क्षमा मिळाली त्याला ती पेलवते का, हा प्रश्न घेऊन वाचले तर तो फार जवळचा होतो.

समोरच्याला मोकळीक देण्याचे उदाहरण पुन्हा 'पर्सुएशन'मध्येच उत्तम सापडते. वेंटवर्थ पत्रातून आपले मन उघड करतो आणि एक शब्द, एक दृष्टिक्षेप पुरेसा होईल असे लिहून निर्णय अ‍ॅनवर सोपवतो. हे पत्र तो ज्या खोलीत लिहितो तिथेच अ‍ॅन दुसऱ्या एका अधिकाऱ्याशी स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या प्रेमातल्या चिकाटीविषयी बोलत असते आणि ते बोलणे त्याच्या कानावर पडत असते. ऑस्टिन यांनी आधी हा शेवट निराळा लिहिला होता. त्यात अ‍ॅन अ‍ॅडमिरलच्या, म्हणजे वेंटवर्थच्या मेहुण्याच्या, घरी अचानक जाते, तिच्या दुसऱ्या कोणाशी ठरलेल्या लग्नाची अफवा खरी की खोटी हे विचारण्याचे काम वेंटवर्थवर येऊन पडते, आणि गैरसमज दूर होऊन दोघे एकत्र येतात. ती रद्द केलेली प्रकरणे हस्तलिखितात टिकून आहेत. पहिल्या मसुद्यात दुसरी संधी योगायोगाने मिळते, आणि छापलेल्या कादंबरीत आठ वर्षे गप्प राहिलेल्या अ‍ॅनच्या स्वतःच्या शब्दांनी ती घडून येते. तुम्ही वाचत असलेल्या कोणत्याही कादंबरीच्या शेवटाला हीच कसोटी लावावी. दार कोणी उघडले, पात्राने की अपघाताने?

वाचनाचा वेग आणि आपले मन

एका बैठकीत एक-दोन प्रकरणे पुरेत. ओळी अधोरेखित करण्यापेक्षा समासात पेन्सिलने एखादा प्रश्न लिहिणे अधिक उपयोगी पडते. पुस्तक उसने असेल तर चिठ्ठी ठेवावी. श्राव्य पुस्तक ऐकायला हरकत नाही, मात्र पात्रे पुष्कळ असतील तर तक्ता आधी करून ठेवावा आणि पत्रांची प्रकरणे छापील प्रतीतून वाचावीत.

या कादंबऱ्या वाचताना आपले स्वतःचे घर मध्ये येते आणि ते येणारच. एखाद्या पात्राचा विनाकारण राग येऊ लागला किंवा एखाद्याचे सगळेच बरोबर वाटू लागले, तर तो राग किंवा ते प्रेम पुस्तकातले आहे की आपल्या आयुष्यातून आलेले आहे, याची नोंद स्वतःपुरती करावी. त्यामुळे पात्राला न्याय मिळतो. वाचन फार जड होऊ लागले तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवण्यात काहीही गैर नाही.

वाचून झाल्यावर

शेवटचे पान संपल्यावर लगेच मत बनवू नये. आधी पहिली तीन प्रकरणे पुन्हा वाचावीत. शेवट माहीत असताना सुरुवात वाचली की सहज बोललेली वाक्ये निराळी ऐकू येतात, आणि ज्याला आपण दुय्यम पात्र समजलो होतो ते पहिल्याच प्रसंगात काहीतरी जाणून होते असे दिसून येते. त्यानंतर मागे ठेवलेली प्रस्तावना वाचावी. आता ती उपयोगी पडेल, कारण तिच्याशी वाद घालता येईल.

मग आपल्या तक्त्याखाली चार-पाच वाक्ये लिहावीत. ताटातूट कोणामुळे झाली, ती लांबली कोणामुळे, या सगळ्यात सर्वांत अधिक कोणी गमावले, आणि ज्याला संधी मिळाली नाही असे कोण मागे राहिले. सोबत कोणी वाचत असेल तर चर्चेत नायक-नायिका थोडा वेळ बाजूला ठेवून प्रत्येकाने एक दुय्यम पात्र निवडावे आणि त्याच्या बाजूने गोष्ट सांगावी. लेडी रसेलच्या बाजूने 'पर्सुएशन' किंवा डॉलीच्या बाजूने 'अ‍ॅना कॅरेनिना' सांगून पाहिली की मतभेद कुठे आहेत ते लगेच कळते, आणि पुस्तकात पुन्हा जाऊन पाहावेसे वाटते.

पुढचे पुस्तक निवडताना नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या विरुद्ध टोकाचे घ्यावे. मीलनाची कादंबरी वाचली असेल तर नाकारलेल्या संधीची घ्यावी, तरुणांची वाचली असेल तर उतारवयातल्या प्रेमाची घ्यावी, एका निवेदकाची वाचली असेल तर अनेकांची घ्यावी, आणि जुना तक्ता टाकून न देता नव्याच्या शेजारी ठेवावा.